एकशे चव्वेचाळीस बिनखुणेचे शर्ट

"कपडा नुसता हातात आला ना सर, की मला त्या मुलाचं तोंड दिसतं!"

घडीकाकांनी हे वाक्य हेडसरांच्या खोलीत, छातीवर हात ठेवून उच्चारलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण थांबतील तर ते घडीकाका कसले!

"खूण कुणाला लागते? ज्याला विसर पडतो त्याला! बावीस वर्षं झाली सर. या शाळेतला एकेक शर्ट मला बापाच्या मायेनं ओळखतो!"

कोण कुणाला ओळखतं याचा जरा घोटाळा झाला, पण हेडसरांनी मान डोलावली आणि काकांना स्फुरण चढलं.

घडीकाका म्हणजे निवासी शाळेच्या मागच्या गल्लीतले लाँड्रीवाले. त्यांनी घातलेली घडी बैलगाडीखाली गेली तरी मोडणार नाही असं लोक म्हणत, म्हणून हे नाव. खरं नाव त्यांचं त्यांनाही चटकन आठवत नसे. शाळेच्या वसतिगृहात बारा खोल्या, खोलीत बारा खाटा, म्हणजे एकशे चव्वेचाळीस मुलं. दर शनिवारी संध्याकाळी या सगळ्यांचे गणवेश काकांकडे यायचे आणि रविवारी संध्याकाळी धुऊन, इस्त्री होऊन ज्याच्या त्याच्या खाटेवर जायचे. इतकी वर्षं काका कॉलरच्या आत पक्क्या शाईने ठिपके-रेघा काढत. तीन ठिपके एक रेघ म्हणजे तिसऱ्या खोलीतली पहिली खाट. साधी, सोपी पद्धत होती.

तिला दृष्ट लागली ती नव्या शिस्तबाई आल्यापासून.

बाईंनी आल्या आल्या एकतीस कलमांची आचारसंहिता लिहिली. केस किती, नखं किती, मोजे गुडघ्याखाली चार बोटं. (चार बोटं कुणाची, यावर शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस वाद झाला. हेडसरांची चार बोटं धरली असती तर मोजे थेट बुटातच गेले असते!) कलम एकतीस होतं, 'वरील कलमांवर हसू नये.' आणि कलम सतरा असं होतं: 'गणवेशावर, आतून अथवा बाहेरून, कोणत्याही प्रकारची खूण, अक्षर, चित्र वा ठिपका नसावा.'

हे कलम खरं तर कॉलरच्या आत बदाम काढणाऱ्या मोठ्या वर्गांसाठी होतं. पण नियम म्हणजे नियम! नवे कोरे गणवेश आले तेव्हा काका शाईची बाटली घेऊन पोचले आणि बाईंनी बाटलीच हातातून काढून घेतली.

त्याच दिवशी हेडसरांच्या खोलीत एक टायवाला बसला होता. मोठ्या यंत्रलाँड्रीचा माणूस. त्याच्याकडे रंगीत पुस्तिका होती आणि जिभेवर साखर.

"आमच्याकडे प्रत्येक कपड्याला स्टिकर असतो. यंत्र वाचतं. चूक शून्य!"

"स्टिकर ही खूणच," बाई म्हणाल्या.

"पण मॅडम, इतका बारीक की दिसतच नाही."

"प्रश्न दिसण्याचा नाही. असण्याचा आहे."

टायवाल्याचा चेहरा उतरला आणि काकांनी संधी साधली. खूण लावल्याशिवाय काम करणारा माणूस जगात एकच आहे आणि तो तुमच्यासमोर उभा आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. हेडसर म्हणाले, "ठीक आहे. महिनाभर बघू. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी गणवेशांची तपासणी आहे, त्या दिवशी काय ते ठरवू. काकांचं नीट झालं तर काम काकांकडे. नाहीतर या साहेबांसाठी कलमाचं काहीतरी बघावं लागेल."

म्हणजे सगळं त्या सोमवारवर येऊन ठेपलं. शाळेचं काम गेलं असतं तर काकांच्या दुकानात उरल्या असत्या गल्लीतल्या चार साड्या आणि पोस्टमनची पँट.

घरी आल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "परवा लग्नात तुम्ही मीच आहे असं समजून दुसऱ्याच बाईंना 'चल, उशीर होतोय' म्हणालात. आठवतं?"

"ती साडी तशीच होती!"

"आणि शर्ट? ते तर सगळे एकाच ताग्यातले आहेत."

काका गालात हसले. तोंडं-बिंडं काही दिसत नसतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्यांच्या डोक्यात नामी युक्ती होती. अंगणात बारा दोऱ्या बांधायच्या. एक दोरी, एक खोली. खाटांच्या क्रमाने कपडे वाळत घालायचे, त्याच क्रमाने काढायचे, त्याच क्रमाने इस्त्री. क्रम मोडला नाही की खूण कशाला हवी!

आणि काय सांगावं, जमलं की! पहिला रविवार गेला. दुसरा गेला, तिसरा गेला. शाळेतून एक तक्रार नाही! काका गल्लीतून चालताना जरा जास्तच ताठ चालू लागले. टायवाला एकदा रस्त्यात भेटला तर त्याला म्हणाले, "तुमच्या यंत्राला कधी शिकायचं असेल तर पाठवा माझ्याकडे." आपण नुसते क्रमाने काम करतो हे ते हळूहळू विसरले, आणि शर्ट उचलला की खरंच कुणाचं तरी तोंड दिसतंय असं त्यांना वाटू लागलं. कुणाचं, ते मात्र स्पष्ट नव्हतं.

मग आला शेवटचा रविवार.

या वेळी बाईंचा हुकूम वेगळा होता. कपडे रविवारी संध्याकाळी द्यायचे नाहीत. सोमवारी सकाळी मुलं व्यायामाला गेली की खाटांवर ठेवायचे. मुलं येतील, घालतील, दहा मिनिटांत रांगेत. "इस्त्रीचे कपडे थेट अंगावर! रात्रभरात चुरगळायला नकोत," बाई म्हणाल्या. काकांना त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट घडी ताजी राहील म्हणून आनंदच झाला.

दुपारपर्यंत बाराही दोऱ्या भरल्या. काकांनी मधोमध खुर्ची टाकली. आज डोळ्याला डोळा लागू देणार नाही, असं त्यांनी काकूंना दोनदा सांगितलं. ऊन लागू नये म्हणून तोंडावर टॉवेल तेवढा घेतला. टॉवेलखाली अंधार होता, गार होतं, जेवणही झालेलं होतं. पुढचं काय सांगायचं!

जाग आली ती समोरच्या वहिनींच्या हाकेने.

"काका, उठा! काही काळजी करू नका, सगळं झालं!"

काकांनी टॉवेल काढला. समोर बारा दोऱ्या. रिकाम्या! एक चिमटासुद्धा नाही.

"आभाळ काय भरून आलं होतं! मी म्हटलं, काका बिचारे दमून झोपलेत, काकू दुकानात गिऱ्हाइकांत. गल्लीतल्या सगळ्या जणींना हाका मारल्या. सहा जणी होतो. पाच मिनिटांत सगळं आत! तुम्हाला जाग येऊ नये म्हणून चपलासुद्धा काढून ठेवल्या होत्या."

"आणि... पाऊस?" काकांनी विचारलं.

"आला नाही मेला! ढग गेले पुढे."

काका ओसरीवर धावले. खाटेवर तीन ढीग. सुबक, नीटनेटके. शर्टांचा एक, पँटींचा एक, स्कर्टांचा एक.

"नुसते कोंबले नाहीत हं," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. "तुम्हाला सोपं जावं म्हणून वेगवेगळे लावून दिलेत!"

काकांनी ढिगांकडे पाहिलं, मग वहिनींकडे. आता या बाईला काय बोलायचं? चपला काढून, पावलं न वाजवता, स्वतःची कामं टाकून सहा जणींनी त्यांच्यासाठी धावपळ केली होती. असं शेजारपण कुठे मिळतं! काकांनी हात जोडले. "उपकार झाले वहिनी," ते म्हणाले, आणि गंमत अशी, की ते अगदी मनापासून म्हणाले. फक्त म्हणताना डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं आहे असं समजून वहिनी, "अहो, एवढं काय त्यात!" म्हणत समाधानाने घरी गेल्या.

मग काका ढिगासमोर बसले. पहिला शर्ट उचलला. डोळे मिटले. तोंड दिसेना. दुसरा उचलला. दिसलं, पण ते हेडसरांचं! बारीकसारीक डागांवरून काही लागतंय का पाहिलं, तर डाग कुठे होते? काकांनी धुतलेले कपडे ते! शाईचा ठिपका नाही, मातीचा वास नाही. बावीस वर्षांचं कसब आज त्यांच्याच मुळावर आलं. मापावरून लावावं, तर प्रत्येक खोलीत थोरली मुलं आणि धाकटी मुलं मिसळून ठेवलेली, थोरल्यांनी धाकट्यांकडे बघावं म्हणून. कुठल्या खाटेवर कोण झोपतं हे बाईंच्या वहीत होतं, आणि बाईंची वही मागायची म्हणजे सगळं कबूलच करायचं!

काकू दुकानातून आल्या, ढीग पाहिले, नवऱ्याचं तोंड पाहिलं. काकांना वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण काकूंनी ढीग जवळ ओढला. पदर खोचला आणि इस्त्रीला उभ्या राहिल्या.

"अगं, पण कुणाचं कुठे ठेवायचं?"

"ठेवा कुठेही. मुलं बघून घेतील."

"मुलं काय बघून घेणार!" काका कळवळून म्हणाले. "हातचं काम जाईल आपलं! तुला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटतं ना," काकू म्हणाल्या. "कॉलर धरा जरा."

सोमवारी सकाळी काकांनी बाराही खोल्यांत खाटांवर गणवेश मांडले. मुलींच्या खोल्यांत स्कर्ट, मुलांच्या खोल्यांत पँटी, एवढं तरी चुकलं नाही. बाकी सगळा देवावर हवाला! मुलं व्यायामाहून आली. बाई व्हरांड्याच्या मधोमध घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. "बोलायचं नाही! खोलीबाहेर यायचं नाही! घाला आणि थेट मैदानात!"

दहा मिनिटांनी मैदानात जी रांग उभी राहिली, ती पाहून शाळेची घंटा वाजवणारा शिपाई घंटेचा दांडा हातातच धरून राहिला.

सगळ्यात उंच मुलाच्या बाह्या खांद्याशी संपल्या होत्या आणि बटणं जीव मुठीत धरून बसली होती. त्याच्या शेजारच्या चिमण्याचा शर्ट इतका लांब, की पँट आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. एक मुलगा दोन्ही हातांनी पँट धरून उभा होता; त्याने नमस्कार करायला एक हात सोडला आणि लगेच परत धरला. एकीचा स्कर्ट घोट्यापर्यंत, दुसरीचा काखेपासून सुरू! आणि या सगळ्यांवर घडी मात्र अशी, की हात लावला तर कापेल.

बाई पट्टी घेऊन निघाल्या होत्या, त्या पहिल्याच मुलापाशी थांबल्या. पट्टी कुठे लावायची हेच त्यांना कळेना. "कलम चार... कलम नऊ... कलम अकरा..." त्या पुटपुटत राहिल्या. कुणीतरी फिस्कन हसलं आणि कलम एकतीसही मोडलं.

हेडसर काकांकडे वळले. त्यांच्या मागे टायवाला उभा होता, पुस्तिका छातीशी धरून.

"काका, हे काय?"

"सर, त्याचं असं आहे..." काकांची जीभ टाळ्याला चिकटली. महिन्यापूर्वी एवढी सैल होती तीच जीभ! "नवं कापड आहे, आटतं जरा..."

"आणि वाढतं पण?" टायवाल्याने गोडपणे विचारलं.

हेडसरांनी रांगेकडे पाहिलं. "मुलांनो, आपापला शर्ट कुणाच्या अंगावर आहे ते ओळखा आणि बदलून घ्या."

कुणी हललं नाही. एकशे चव्वेचाळीस मुलांनी एकदम खाली माती बघायला सुरुवात केली.

"कुणालाच ओळखता येत नाही?"

एकदोघांनी बुटाने माती उकरली.

"कसं येणार?" टायवाला म्हणाला. "म्हणून तर स्टिकर लागतो."

हेडसरांनी उसासा टाकला. "काका, तुमचा मला आदर आहे. पण असं दर आठवड्याला झालं तर शाळा चालवायची कशी? वाईट वाटतं, पण पुढच्या महिन्यापासून..."

काकांना वाटलं, आता निदान खरं तरी बोलावं. ते पुढे झाले. "सर, चूक माझीच आहे. मला कुणाचं तोंड-बिंड दिसत नाही. कधीच दिसत नव्हतं. उगाच बोललो. काम हातचं जाईल म्हणून घाबरलो होतो. मुलांना बोलू नका, आणि बाईंनाही नाही. मी झोपलो, हा माझा दोष." एवढं बोलून त्यांनी टोपी काढली आणि ती कुठे ठेवायची हे न कळून हातात फिरवत राहिले.

तेवढ्यात चौथ्या खोलीच्या रांगेत एक हात वर झाला. म्हणजे बाहीच वर झाली. हात आत कुठेतरी होता.

"बाई, मला माझा शर्ट ओळखता येतो."

बोलणारी होती एक एवढीशी मुलगी. बाई तिच्याजवळ गेल्या. "कसा काय?"

"खूण केलीय. आतून. खालच्या शिवणीत निळा मणी शिवलाय." ती रडकुंडीला आली होती, पण थांबली नाही. "कलम सतरा मला पाठ आहे, बाई. शिक्षा करा. पण काकांना काढू नका."

सगळ्या रांगेने तिच्याकडे वळून पाहिलं. मग त्या उंच मुलाने हात वर केला. बाहीची शिवण टर्रकन उसवली. "बाई, माझ्या खिशाच्या आत लाल दोऱ्याची गाठ आहे."

"माझं तिसरं बटण हिरव्या दोऱ्यानं लावलंय!"

"मी पट्ट्याच्या आत पोपट काढलाय, पेन्सिलीनं!"

"माझा पण पोपट आहे, पण चोच उलटीकडे!"

बाईंनी वही काढली आणि नावं लिहायला घेतली. दहा झाली, वीस झाली. हात वर होतच होते. तिसाव्या नावाला पान संपलं. बाईंनी पान उलटलं, पुढे पसरलेली रांग पाहिली आणि पेनाचं टोपण लावलं. मग घाम पुसायला रुमाल काढला, तर रुमालाच्या कोपऱ्यात त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर गुलाबी दोऱ्याने भरलेलं! बाईंनी तो घाईघाईने बाहीत सरकवला. हेडसरांनी पाहिलं, पण ते भले गृहस्थ आभाळाकडे बघू लागले.

"बाई," आभाळाकडे बघतच ते म्हणाले, "एक नियम एकशे चव्वेचाळीस जणांनी मोडला, तर शिक्षा कुणाला करायची? मुलांना की नियमाला?"

बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मग म्हणाल्या, "कलमात एक शब्द वाढवता येईल. 'काकांनी केलेल्या खुणेव्यतिरिक्त.'"

"तो एक शब्द नाही, बाई. तीन आहेत."

"मग तीन वाढवू!" बाई म्हणाल्या, आणि कलम एकतीस लिहिणाऱ्या त्या बाईंच्या ओठांचा कोपरा चक्क हलला.

टायवाला घाईने पुढे आला. "सर, कलम बदलतंच आहे, तर मग स्टिकरसुद्धा..."

"साहेब, तुमची यंत्रं उत्तम असतील," हेडसर म्हणाले. "पण ज्या माणसासाठी माझी मुलं आपणहून शिक्षा मागतात, त्याला मी काढायचं? उद्या वर्गात मी तोंड कसं दाखवू?"

काम राहिलं! काकांना काय करावं कळेना. त्यांनी हेडसरांना हात जोडले, बाईंना जोडले, भरात टायवाल्यालाही जोडले. मुलांची अदलाबदल सुरू झाली, आणि पाच मिनिटांत, खरोखर पाच मिनिटांत, सगळ्यांच्या अंगावर सगळ्यांचे आपापले कपडे! जणू रोजची सवय.

रांग मोडल्यावर काका त्या चिमुरडीपाशी जाऊन उकिडवे बसले.

"पोरी, तुझे उपकार मी कसे फेडू? आणि काय गं तुमची दूरदृष्टी! असं काही होईल हे ओळखून तुम्ही आधीच खुणा करून ठेवल्यात?"

"असं काही होईल म्हणून नाही, काका," ती म्हणाली. "झालं म्हणून."

"कधी?"

"पहिल्या रविवारी. माझ्या खाटेवर ताईचा स्कर्ट होता. आणि दुसऱ्या खोलीत तर सगळंच चुकलं होतं."

"बरं, पहिल्या रविवारी. पण नंतर?"

"नंतर पण. दर रविवारी. जेवणं झाली की आम्ही सगळे व्हरांड्यात येऊन बदलून घ्यायचो. आज बाई मधे उभ्या होत्या, म्हणून राहिलं."

काका हळूच जमिनीवर टेकले. "मग सांगितलं का नाही गं कुणी?"

"सांगितलं असतं तर तुमचं काम गेलं असतं ना." तिला हा प्रश्नच जरा बावळट वाटला असावा. "आणि काकू म्हणाल्या होत्या, काकांना कळू देऊ नका, त्यांना वाईट वाटेल. मणी आणि दोरे त्यांनीच तर आणून दिले!"

घरी येईपर्यंत काका एक शब्द बोलले नाहीत. तसे ते एकटेच होते म्हणा, पण एरवी त्यांना तेवढ्याने अडत नसे. काकू दुकानात पोस्टमनच्या पँटची घडी घालत होत्या.

"काय झालं?"

"काम आपल्याकडेच राहिलं." काका इस्त्रीच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. "आणि तुझे आभार मानायला सांगितलंय."

"कुणी?"

"मी."

एवढं म्हणून त्यांनी लगबगीने एक शर्ट ओढला आणि मान खाली घालून त्यावर इस्त्री फिरवायला लागले. काकूंनी थोडा वेळ पाहिलं. डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या.

"बरं, बरं," त्या म्हणाल्या. "आधी इस्त्रीचं बटण चालू करा."